काळे आधी की कासार?

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके. त्यांतल्या पाचांच्या नावात ळ आहे: यवतमाळ, कळंब, बाभुळगाव, राळेगाव, केळापूर. ही सोळा नावे संगणकाला मराठीत देऊन क्रमाने लावायला सांगा. युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे लावा किंवा आपल्या वर्णमालेप्रमाणे लावा, आर्णी पहिले येते आणि वणी शेवटी. मधल्या चौदांचा क्रमही दोन्हीकडे तोच. सगळे ठीक आहे असे वाटते. मग पुढच्या रकान्यात शेतकऱ्यांची आडनावे घाला आणि पुन्हा लावा. आता एका लॅपटॉपवर काळे, कावरे, कासार असे येते आणि दुसऱ्यावर कावरे, कासार, काळे. प्रोग्राम तोच, फाइल तीच.

आर ही संख्याशास्त्राची भाषा वापरणाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतोच. आपल्याकडे कृषी आणि वैद्यकाचे पदव्युत्तर विद्यार्थी ती वापरतात, गावोगाव सर्वेक्षण करणाऱ्या संस्थांतली मुले वापरतात. माहिती यवतमाळला विंडोजवर भरली जाते, मार्गदर्शक अकोल्यात उबुंटूवर तपासतात, पुण्याची मैत्रीण मॅकवर आलेख काढून देते. तिघांचे उत्तर जुळले नाही की पहिला संशय माहितीवर जातो आणि दुसरा विद्यार्थ्यावर. क्रमवारीवर कुणी संशय घेत नाही. अक्षरे ओळीने लावणे हे पहिलीतल्या पोराचे काम, त्यात संगणक काय चुकणार!

माझ्याकडे एक विद्यार्थी असाच न जुळणारा तक्ता घेऊन आला होता. कापसाच्या उताऱ्याची तुलना होती आणि ठिकाणांची नावे रोमन लिपीत भरलेली होती. घाटंजी आणि कळंब यांची पहिली अक्षरे मोठी, आर्णी मात्र घाईत लहान अक्षराने टाइप झालेले. त्याच्या विंडोज लॅपटॉपवर आरने क्रम लावला: आर्णी, घाटंजी, कळंब. तो पाहून त्याने तक्त्याच्या डोक्यावरची मराठी नावे हाताने, त्याच क्रमाने लिहून ठेवली. पुढे तोच प्रोग्राम एका सर्व्हरवर रात्री आपोआप चालेल अशी सोय केली. त्या सर्व्हरवर मोठी अक्षरे सगळी आधी आणि लहान सगळी नंतर, म्हणून क्रम लागला घाटंजी, कळंब, आर्णी. हाताने लिहिलेली मराठी नावे मात्र जागची हलली नाहीत. घाटंजीचे आकडे आर्णीच्या नावावर गेले, कळंबचे घाटंजीच्या आणि आर्णीचे कळंबच्या. चूक झाल्याचा एकही संदेश आला नाही. आलेख तर फार देखणा आला होता.

क्रम बदलला म्हणून आकडे बिघडत नाहीत. क्रम असाच राहील असे गृहीत धरून कुणीतरी शेजारी दुसरी यादी लिहून ठेवतो, तिथे घोटाळा होतो. प्रोग्राम तपासताना अशा हाताने लिहिलेल्या याद्या आधी शोधा.

ळ तिथे कसा गेला

संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक अक्षर हा एक आकडा. युनिकोडच्या तक्त्यात, सोळाच्या पायाने मोजलेल्या आकड्यांत, ल आहे ०९३२, ळ ०९३३, व ०९३५ आणि ह ०९३९. म्हणजे आकड्यांनी लावले तर ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो. आपण शाळेत म्हणतो ते वेगळे: य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीची लिपी आणि वर्णमाला प्रमाण करून दिली. युनिकोडचे आकडे त्याच्या कितीतरी आधी ठरून गेले होते.

ते ठरवणाऱ्यांचा मराठीवर राग नव्हता. युनिकोडचा देवनागरी तक्ता इस्की या भारतीय मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला आहे आणि इस्कीत सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आराखडा होता. देवनागरीत ज्या घरात ळ, त्याच घरात तेलुगूचा ळ, तमिळचा ळ. पाटणबोरीवरून पुढे पैनगंगा ओलांडून आदिलाबादला गेलात तर तिथल्या पाटीवरही ळ हा ह च्या नंतरच शिकवतात, आणि संगणकात मात्र तो ल ला चिकटलेला असतो. हे दुखणे शेजाऱ्याचेही आहे. क्ष चे प्रकरण आणखी वेगळे. वर्णमालेत तो शेवटी आहे, पण संगणकाला तो क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे दिसतात, म्हणून क्षेत्र हा शब्द क च्या घरात जातो. संस्कृतचे कोशही त्याला तिथेच ठेवतात, तेव्हा याबाबत संगणकाला फार बोलण्यात अर्थ नाही.

पायथन ही भाषा नुसते आकडे पाहते. तिच्या साध्या सॉर्टमध्ये काळे नेहमी कासारच्या आधी येणार, संगणक कुठलाही असो. मराठीच्या हिशेबाने पायथन चुकतो, पण सगळीकडे सारखाच चुकतो. आरचे उलटे आहे. ती संगणकाला विचारते, तुमच्याकडे काय रीत आहे? आणि जी रीत कळेल ती पाळते.

रीत कुठून येते

या रीतीला लोकेल म्हणतात. तारीख कशी लिहायची, दशांश चिन्ह कोणते आणि अक्षरांचा क्रम काय, हे त्यात असते. आरच्या स्वतःच्या मदत-पानावर इशारा दिलेला आहे की क्रमाबद्दल काहीही गृहीत धरू नका, एस्टोनियन भाषेत झेड हे अक्षर एस आणि टी यांच्या मध्ये येते. आपल्या ळ ला निदान सोबत तरी आहे.

लिनक्सवर हे नियम ग्लिबसी या मूळ ग्रंथालयात असतात. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या त्याच्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले आणि पोस्टग्रेस या डेटाबेसच्या जुन्या अनुक्रमणिका त्यामुळे चुकू लागल्या. जगभरच्या डेटाबेस सांभाळणाऱ्यांना त्या नव्याने बांधाव्या लागल्या. तेव्हा संगणक तोच आणि लिनक्सही तोच असला, तरी मोठे अद्ययावतीकरण होण्याआधीचा आणि नंतरचा क्रम एक असेल असे समजू नका. कंटेनरमध्ये वापरले जाणारे अल्पाइन लिनक्स मसल नावाचे छोटे ग्रंथालय घेते, त्यात भाषेप्रमाणे क्रम लावण्याची सोयच नाही, फक्त आकडे. ठरल्या वेळी आपोआप चालणारी क्रॉनची कामे बहुधा कुठलेही लोकेल न घेता सुरू होतात, म्हणजे तिथेही आकडेच. माझ्या विद्यार्थ्याचा सर्व्हर इथेच अडला होता: दिवसा हाताने चालवला तर बरोबर, रात्री आपोआप चालला तर चूक.

विंडोजचे नियम स्वतःचे. जोडरेघेला ते जवळजवळ वजन देत नाही, त्यामुळे रोमन लिपीत जोडरेघ घालून लिहिलेले झरी-जामणी आणि सलग लिहिलेले झरीजामणी तिथे शेजारी येतात. आकड्यांच्या क्रमात मध्ये इतर गावे घुसू शकतात. मॅकवरची गंमत अशी की टर्मिनलमधला सॉर्ट अनेक लोकेलमध्ये आकड्यांनीच चालतो, पण त्याच मॅकवर आर उघडले तर ते आयसीयू नावाचे वेगळे ग्रंथालय वापरते आणि क्रम बदलतो. एकाच यंत्रात दोन क्रम!

आर चालवणाऱ्यांनाही हे जाचत होते. पूर्वी फाइल वाचताना आर शब्दांचे आपोआप फॅक्टर, म्हणजे गटांत विभागलेले चल, करत असे आणि फॅक्टरचे स्तर क्रमाने लावत असे. म्हणजे माहिती वाचल्या क्षणीच संगणकाची रीत तुमच्या विश्लेषणात शिरायची. २४ एप्रिल २०२० ला आलेल्या ४.०.० आवृत्तीत ही आपोआप होणारी सोय बंद झाली. ती बंद करताना जी कारणे दिली गेली त्यांत हेही होते, की लोकेलप्रमाणे बदलणाऱ्या क्रमामुळे एकाचे उत्तर दुसऱ्याला पुन्हा मिळवता येत नाही.

फॅक्टर तुम्ही स्वतः केला तर मात्र धोका अजून आहे. रिग्रेशनमध्ये फॅक्टरचा पहिला स्तर हा पाया धरला जातो आणि बाकीच्यांची तुलना त्याच्याशी होते. विंडोजवर पाया आर्णी, सर्व्हरवर घाटंजी. अंदाजित उत्पादन दोन्हीकडे तेच येईल, पण गुणक वेगळे येतील, पी मूल्ये वेगळी येतील, आणि कुठल्या ठिकाणासमोर तारांकित खूण आली हेही बदलेल. मौखिक परीक्षा घेणाऱ्या परीक्षकाने आपल्या लॅपटॉपवर तुमचा प्रोग्राम चालवला तर त्याला हे काय दिसेल, विचार करा.

आता करायचे काय

आधी ठरवा, क्रम कशासाठी हवा आहे. डोळ्यांनी वाचायच्या यादीसाठी, की मोजणीसाठी?

मोजणीसाठी, दोन फायली जोडण्यासाठी, निकाल जपून ठेवण्यासाठी मराठी क्रमाचा आग्रह सोडा. तिथे आकड्यांचा क्रम घ्या, ज्याला सी लोकेल म्हणतात. प्रोग्रामच्या पहिल्या ओळींत कोलेटचे लोकेल सी करून टाका. हे नाव तिन्ही प्रणालींना कळते. किंवा आरच्या सॉर्टला रॅडिक्स ही पद्धत सांगा, तीही शब्दांना सी क्रमानेच लावते. डेटाटेबल हे पॅकेज नेहमी सी क्रमच पाळते. डीप्लायरचे अरेंज १.१.० आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी २०२३ पासून, न सांगता सी क्रम घेते. याचा दुसरा अर्थ असा की त्याआधीचे डीप्लायर ज्याच्या लॅपटॉपवर आहे त्याचा क्रम तुमच्यापेक्षा वेगळा येऊ शकतो. पॅकेजची आवृत्ती विचारून घ्या.

लोकांच्या हातात द्यायची यादी असेल, लाभार्थ्यांची, सभासदांची, बक्षिसांची, तर ती मराठी क्रमानेच हवी. काळे आडनावाच्या माणसाने आपले नाव कासारच्या खाली शोधावे हे बरोबर आहे. त्यासाठी संगणकाच्या रीतीवर विसंबू नका. स्ट्रिंगी किंवा स्ट्रिंगर हे पॅकेज घ्या आणि त्यांच्या सॉर्टला लोकेल मराठी असे स्पष्ट सांगा. हे दोन्ही आयसीयू वापरतात आणि त्यात मराठीचा वेगळा नियम आहे, ळ ला ह च्या नंतर बसवणारा. आयसीयूची आवृत्ती स्ट्रिंगी सांगते, ती नोंदवून ठेवा. संगणकाचेच लोकेल मराठी करायचा मार्गही आहे, पण त्या लोकेलचे नाव लिनक्सवर एक, विंडोजवर दुसरे, आणि दिलेले नाव सापडले नाही तर आर फक्त एक इशारा छापून पुढे जाते. तो इशारा कुणी वाचत नाही.

फॅक्टरचे स्तर हाताने लिहा. तीन ठिकाणे असोत की सोळा तालुके, एकदा लिहायला पाच मिनिटे लागतात. आणि लिहिताना फॅक्टर बनवण्याच्या वेळीच लिहा, मूळ नाव आणि त्याचे मराठी रूप जोडीने. आधी फॅक्टर बनवून मग त्याच्या स्तरांना नवी नावे चिकटवणे ही ती आलेख बिघडवणारी चाल.

विंडोजवर ४.२ च्या आधीचे आर असेल तर ते आधी बदला. एप्रिल २०२२ मधल्या ४.२.० पासून ते विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांवर युटीएफ-८ मध्ये काम करते. त्याआधी मराठी अक्षरांच्या जागी कंसातले आकडे दिसायचे आणि क्रमाचा प्रश्न त्याहून पुढचा होता.

एक औषध, तीन जागा

क्रम लावण्याआधी अक्षरेच एकसारखी आहेत ना हे पाहावे लागते. कापसाच्या पट्ट्यात हे फार लवकर कळते. ॲसिफेट आणि ॲसिटामिप्रिड ही कापसावर वापरली जाणारी कीटकनाशके. कृषी सेवा केंद्रांकडून किंवा शेतकऱ्यांकडून गोळा केलेली यादी मराठीत असेल तर पहिले अक्षर तीन प्रकारे टाइप झालेले सापडेल. एकाने ॲ हे खरे एकसंध अक्षर वापरले. ते युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले आणि त्याचा आकडा ०९७२, म्हणजे ह च्याही पुढे. दुसऱ्याने साधा अ काढून त्यावर चंद्र दिला. तिसऱ्याच्या कीबोर्डवर हिंदीतला ए वर चंद्र असलेला ऍ होता. आकड्यांच्या क्रमात पहिले ॲसिफेट यादीच्या तळाला जाते, दुसरे अ मध्ये आणि तिसरे ए च्या अलीकडे. पडद्यावर पहिली दोन रूपे अगदी सारखी दिसतात. मोजणीत मात्र ती दोन वेगळी औषधे होतात. २०१७ साली फवारणीतून विषबाधा होऊन या जिल्ह्यात शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर कुणी काय फवारले याच्या याद्या इथे किती गांभीर्याने पाहिल्या जातात हे सांगायला नको.

युनिकोडचे प्रमाणीकरण ही एक सोय आहे, पण ती या तिघांना एक करत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती समान नाहीत. बदल तुम्हालाच करावा लागतो: अ अधिक चंद्र आणि ऍ, दोन्हींच्या जागी ॲ. यादी गोळा झाली की पहिले काम हे.

दुसरा छुपा शत्रू ऱ्य मधला अर्धा र. शेतकऱ्याचे नाव या रकान्याच्या मथळ्यातच तो आहे. काही कीबोर्ड त्यासाठी खाली नुक्ता असलेला ऱ घेतात, काही र, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशी तीन चिन्हे घालतात. दोन फायली मथळ्यावरून जोडायला गेलात तर आर म्हणते असा रकाना नाही. रकाना तर डोळ्यांसमोर असतो! यावर वैतागण्यात एक संध्याकाळ घालवलेली माणसे मला माहीत आहेत, त्यांत मीही आहे. मथळे साध्या रोमन अक्षरांत ठेवा आणि मराठी मथळे फक्त छापताना लावा.

फायलींचा क्रम

शब्दांच्या क्रमाप्रमाणे फायलींच्या क्रमानेही नुकसान केलेले आहे. २०१४ साली नेचर प्रोटोकॉल्समध्ये विलोबी आणि हॉय यांच्या नावाने ओळखले जाणारे पायथन प्रोग्राम प्रसिद्ध झाले; रसायनशास्त्रज्ञ त्यांनी एनएमआरचे आकडे काढत. ऑक्टोबर २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑर्गॅनिक लेटर्समध्ये दाखवून दिले की तोच प्रोग्राम वेगवेगळ्या प्रणालींवर वेगळी उत्तरे देतो. कारण साधे होते. प्रोग्राम फोल्डरमधल्या फायली ज्या क्रमाने मिळतील त्या क्रमाने जोड्या लावत होता. पायथनने कधीही क्रमाची हमी दिलेली नव्हती. लिहिणाऱ्यांच्या यंत्रावर तो नीट येत होता एवढेच.

आर फायलींची यादी क्रमाने देते, पण तो क्रमही शब्दांचा, अंकांचा नव्हे. विंडोजच्या खिडकीत गाव २ हे गाव १० च्या आधी दिसते, कारण विंडोज अंक ओळखून लावते. प्रोग्रामला मात्र गाव १० आधी मिळते. सातबाऱ्यावरचे गट क्रमांकही असेच फसवतात: मजकूर म्हणून लावले तर १, १०, १००, ११, २. फायलींना ०१, ०२ अशी नावे द्या, तारीख असेल तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. गट क्रमांकाचे मुख्य आणि पोट भाग वेगळ्या रकान्यांत, अंक म्हणून ठेवा. आणि पायथनमध्ये फोल्डर वाचत असाल तर यादी हातात आली की लगेच स्वतः क्रमाने लावा.

एवढे सगळे करायला वेळ नसेल तर निदान एक करा. कासार, काळे, कावरे ही तीन आडनावे तुमच्या आरमध्ये लावून बघा, मग तुमच्या मार्गदर्शकांच्या संगणकावर लावून बघा. काळे पहिले आले की क्रम मराठीचा नाही, शेवटी आले की मराठीचा. जो आला तो प्रबंधाच्या संशोधन-पद्धतीच्या प्रकरणात, आरच्या आवृत्तीशेजारी, एका ओळीत लिहून ठेवा.